मेंदूतला फुगा, जाळी आणि गोळ्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, असल्याचं निघालं की घरादाराची झोप उडते. मुरूड-श्रीवर्धनच्या रुग्णाला इलाजासाठी बहुधा मुंबई किंवा नवी मुंबई गाठावी लागते. तिथे डॉक्टर 'फ्लो डायव्हर्टर' सुचवतात आणि गावी परतेपर्यंत त्याबद्दल दहा जणांची दहा मतं ऐकून झालेली असतात.

गैरसमज: हा हृदयातल्यासारखाच स्टेन्ट.
वस्तुस्थिती: हृदयातला स्टेन्ट अरुंद वाहिनी उघडतो. फ्लो डायव्हर्टर ही बारीक विणीची नळी फुग्याच्या तोंडावरून आडवी बसते. 'पाइपलाइन' नावाच्या फ्लो डायव्हर्टर जाळीत धातूच्या ४८ तारा विणलेल्या असतात. रक्त मुख्य वाहिनीतून पुढे जात राहतं, फुग्यात शिरणारा प्रवाह मंदावतो, आत रक्त गोठतं आणि जाळीवर हळूहळू वाहिनीचं नवं अस्तर चढतं. हे सगळं जांघेतून किंवा मनगटातून, कवटी न उघडता होतं.

गैरसमज: जाळी बसली की फुगा त्याच दिवशी बंद.
वस्तुस्थिती: याला महिने लागतात. अमेरिकेत २०११ मध्ये पाइपलाइनला मान्यता मिळाली, ती मोठ्या, रुंद तोंडाच्या फुग्यांवरील चाचणीच्या आधारे. त्यात सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के, वर्षाने ८७ टक्के, तर पाच वर्षांनी तपासलेल्यांपैकी ९५ टक्के फुगे पूर्ण बंद झालेले आढळले. म्हणून नंतरच्या अँजिओग्राफी चुकवू नयेत.

गैरसमज: कवटी उघडायची नाही, म्हणजे धोका नाही.
वस्तुस्थिती: त्याच चाचणीत ५.६ टक्के रुग्णांना मोठा पक्षाघात झाला किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू आला. १२ मिलिमीटरपर्यंतच्या फुग्यांवरील नंतरच्या अभ्यासात वर्षभरात हे प्रमाण २.१ टक्के होतं. जाळीत गुठळी होणं, मेंदूत रक्तस्राव होणं, क्वचित फुगा नंतर फुटणं, हे धोके खरे आहेत. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते समजून घ्यावेत.

गैरसमज: बरं वाटतंय, आता गोळ्या कशाला?
वस्तुस्थिती: सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. अस्तर चढेपर्यंत धातू रक्तात उघडा असतो. त्यावर गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनसोबत बहुधा क्लोपिडोग्रेल काही महिने देतात, पुढे ॲस्पिरिन चालू राहतं. आपल्याकडे अनेकांच्या शरीरात क्लोपिडोग्रेल जनुकीय कारणाने कमी काम करतं, त्यामुळे काही डॉक्टर तपासणी करून औषध बदलतात. दाढ काढायची म्हणून परस्पर गोळ्या थांबवू नका, आधी जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवते, तीही विचारल्याशिवाय नको. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, घाटरस्त्यावर दरड कोसळते. त्यामुळे महिनाभराच्या गोळ्या घरात शिल्लक असू द्या.

गैरसमज: जाळी बसली की पुन्हा एमआरआय नाही.
वस्तुस्थिती: या जाळ्यांसह ठरावीक अटी पाळून एमआरआय करता येतो. रुग्णालयाने दिलेलं जाळीचं कार्ड सोबत न्या.

गैरसमज: फुगा दिसला, म्हणजे जाळी हवीच.
वस्तुस्थिती: शंभरातल्या सुमारे तीन प्रौढांना असा फुगा असतो आणि बहुतेक कधीच फुटत नाहीत. लहान फुग्यावर अनेकदा नुसती नजर ठेवतात, रक्तदाब आटोक्यात ठेवतात आणि विडी-सिगारेट सोडायला लावतात. फुटलेल्या फुग्यात मात्र सहसा कॉइल किंवा क्लिप वापरतात, कारण रक्तस्राव झालेल्या मेंदूत दोन-दोन रक्त पातळ करणारी औषधं देणं जोखमीचं असतं.

डोकं फुटेल अशी कळ अचानक आली, मान ताठ झाली, शुद्ध हरपली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. आणि जाळीचा निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझा फुगा फुटण्याचा धोका किती, माझ्या बाबतीत या इलाजाचा धोका किती, आणि गोळ्या किती दिवस? या तीन उत्तरांवरच निर्णय घ्या.