चीनमध्ये रेल्वेने फिरताय? आधी चार दिशा शिका!

पाठीवर सॅक टाकून चीन रेल्वेने फिरायचा विचार आहे? मग आधी चार शब्द पाठ करा: बेई म्हणजे उत्तर, नान दक्षिण, तुंग पूर्व आणि शी पश्चिम. तिथल्या मोठ्या शहरांत अनेक स्टेशनं असतात आणि बऱ्याच स्टेशनांच्या नावातच दिशा असते. शांघायची वेगवान गाडी साधारणपणे ‘बीजिंग नान’वरून सुटते. तुम्ही ‘बीजिंग शी’ला पोहोचलात, तर गाडी चुकलीच समजा! तिथल्या इंटरनेटवर गूगल, व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, म्हणून स्टेशनचं नाव चिनी लिपीत फोनमध्ये आधीच साठवून ठेवा. तिकीट पासपोर्टवरच निघतं. तो सतत जवळ ठेवा. सामानाची तपासणी होते, त्यामुळे तासभर आधी पोहोचा. रात्रीच्या प्रवासाला ‘हार्ड स्लीपर’ स्वस्त पडतो: आपल्यासारखेच एकावर एक तीन बर्थ, शिवाय डब्यात गरम पाणी फुकट!