तीन बोटांची मोकळीक

वाचकहो, हातातला चहाचा कप क्षणभर बाजूला ठेवा आणि एक साधी गोष्ट करून पाहा. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घाला. बहुतेकांची सहज आत जातील. आता कानाच्या जरा पुढे बोट टेकवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली काहीतरी सरकल्यासारखे वाटेल. तो जबड्याचा सांधा. घास, जांभई, हाक, हसू, सारे याच्या जिवावर चालते. त्याला बिजागरी म्हणावी तर तो नुसता फिरत नाही, पुढे घसरतोही. शिवाय डावा आणि उजवा असे दोन्ही सांधे एकाच हाडाला जोडलेले. त्यामुळे एक अडला की दुसऱ्याचेही काही चालत नाही.

मी डॉक्टर नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात मोटारींच्या भागांचे साचे करण्यात माझी पंधरा वर्षे गेली. पुढे शरीरात बसवायचे भाग तयार करणाऱ्या एका लहानशा कंपनीत आलो. तोपर्यंत माझ्या लेखी जबडा म्हणजे पान्याचा किंवा शेगडा धरणाऱ्या वाइसचा. माणसाच्या जबड्याची ओळख एका मुलीने करून दिली.

ती एकोणीस वर्षांची, मराठवाड्यातल्या एका खेड्यातली. पाच वर्षांची असताना ओट्यावरून हनुवटीवर पडली. दोन टाके पडले, जखम भरली, सगळे विसरूनही गेले. पण हनुवटीवर बसलेला मार पुष्कळदा तिथेच थांबत नाही. जबड्याच्या हाडातून तो थेट कानापाशी पोहोचतो. तिच्या डाव्या सांध्याचा गोळा आत मोडला होता. तिथे रक्त साकळले आणि पुढे त्याचे हाड झाले. जबडा कवटीला चिकटला. भाकरीचा घास लहान होत गेला, तेव्हा घरच्यांना वाटले, पोरगी खायचे नखरे करते.

अकराव्या वर्षी एक शस्त्रक्रिया झाली, पण जोडलेले हाड पुन्हा जुळून आले. मी तिला पाहिले तेव्हा तिचे तोंड चार मिलिमीटर उघडत होते. आई दुधात भाकरी कुस्करून दातांच्या फटीतून आत सारायची. दाढा किडल्या होत्या, पण तिथवर ना ब्रश पोहोचत होता, ना दंतवैद्याचे हत्यार. त्या बाजूची वाढ खुंटल्यामुळे हनुवटी डावीकडे ओढली गेली होती. आईला मात्र रूपापेक्षा दुसरीच धास्ती होती. “झोपेत उलटी झाली तर काय करावं, साहेब?” तिने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

अशा मुलांमध्ये चिकटलेले हाड कापून त्या जागी बरगडीचा तुकडा बसवण्याची पद्धत आहे. बरगडी मुलाबरोबर वाढते, धातू वाढत नाही. हिची वाढ पूर्ण झाली होती आणि एकदा उघडलेला सांधा पुन्हा मिटला होता. म्हणून डॉक्टरांनी कृत्रिम सांधा ठरवला, आणि तोही तिच्याच मापाचा.

तयार सांधेही मिळतात. दोन-तीन मापांतून जवळचे निवडायचे आणि हाड घासून त्याला जुळवून घ्यायचे. पण हिच्या हाडाचा आकार कोणत्याच मापात बसेना. तयार सदरा अंगाला होत नसेल तर आपण शिंप्याकडे जातो. इथे शिंपी मी होतो.

सीटी स्कॅनमध्ये काकडीच्या पातळ चकत्या कराव्यात तशी डोक्याची चित्रे मिळतात. संगणक ती एकावर एक रचून हाडाची प्रतिकृती उभी करतो. पडद्यावर ती फिरवत डॉक्टर आणि मी आधी ‘शस्त्रक्रिया’ केली. हाड कुठे कापायचे, जबडा किती खाली आणि पुढे आणायचा, दात कसे जुळले पाहिजेत, हे सारे ठरवले. मग मी उजव्या बाजूची आरशातली प्रतिमा घेऊन डावा सांधा आखला. मला तो फार देखणा वाटला. डॉक्टरांनी एका स्क्रूवर बोट ठेवले. “हा नसेच्या नळीतून जातोय. हिचा खालचा ओठ कायमचा बधिर होईल.” शिवाय इतकी वर्षे एकटीच वाढलेली उजवी बाजूही सरळ राहिली नव्हती. तिची नक्कल करून काय उपयोग? साच्याच्या कामात चूक झाली की लोखंड भंगारात जाते. इथे भंगारात काय गेले असते, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिसरा आराखडा पसंत पडला. जबड्यावर बसणारी पट्टी टायटॅनियमची, तिच्या टोकाचा गोळा कोबाल्ट-क्रोमियमचा, आरशासारखा घासलेला. वरची खोबण अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलीनची. हे प्लॅस्टिक तापवले तरी पाण्यासारखे वाहत नाही, म्हणून ठोकळ्यातून कोरूनच काढावे लागते. सोबत हाड नेमके कापता यावे म्हणून मार्गदर्शक साचाही केला.

शस्त्रक्रियेआधी भेटलो तेव्हा तिने मिटल्या दातांतून विचारले, “काका, हे किती वर्षं टिकंल?”

खोटे बोलवेना. या सांध्यांचा इतिहास सरळ नाही. इंग्लंडमधल्या जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी आधी टेफ्लॉन वापरले. ते झिजले आणि त्याच्या कणांनी रुग्णांच्या शरीरात दाह केला. चार्नली यांनी तो पदार्थ स्वतःच्या मांडीत घालून परिणाम पाहिला, टेफ्लॉन सोडले आणि १९६२ मध्ये पॉलिएथिलीन धरले. तरीही १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकेत हजारो लोकांच्या जबड्यात टेफ्लॉनचेच तुकडे बसवले गेले. चावण्याच्या दाबाने ते फुटले, हाड पोखरले गेले. तिथल्या औषध प्रशासनाने १९९० मध्ये धोक्याचा इशारा दिला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात संगणकाच्या मदतीने प्रत्येक रुग्णाच्या मापाचा सांधा करायला सुरुवात झाली. त्याला १९९९ मध्ये तिथे रीतसर मंजुरी मिळाली. तसे सांधे बसवलेल्या ५६ जणांची सुमारे वीस वर्षांनंतरची हकिकत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती समाधानकारक होती.

मी तिला एवढेच सांगितले, “पोरी, वीस वर्षांची खात्रीची माहिती आहे. पुढे कधीतरी बदलावाही लागेल.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “वीस वर्षं जेवले तरी लई झालं.”

शस्त्रक्रिया दिवसभर चालली. तोंड उघडत नसल्याने भूल देण्याची नळी नाकातून, दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागली. पुन्हा हाड धरू नये म्हणून सांध्याभोवती पोटावरची चरबी भरली. माझा सांधा जागेवर बसला तेव्हा डॉक्टरांनी बाहेर निरोप पाठवला, “घासावा लागला नाही.”

पण खरे काम पुढे होते, आणि ते तिचे होते. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरायची, दोन दिवसांनी एक काडी वाढवायची. डोळ्यांतून पाणी यायचे, तरी तिने काड्या सोडल्या नाहीत. कृत्रिम सांधा फिरतो, पण आपल्या सांध्यासारखा पुढे घसरत नाही. म्हणून तोंड उघडताना हनुवटी अजून किंचित डावीकडे झुकते. सहा महिन्यांनी ती तपासणीला आली, तेव्हा तिने आपली बोटे माझ्यासमोर दातांत घातली. अडीच बसली. मग पिशवीतून भाकरी काढली, दुमडून आत ठेचा घातला आणि घास तोडला. आई नुसती बघत होती.

तो सांधा ही आम्हा इंजिनियरांची फुशारकी मारण्याची गोष्ट नाही. आधी कुणी लक्ष दिले असते, तर त्याची गरजच पडली नसती. म्हणून घरोघरच्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना एकच विनंती. मूल हनुवटीवर पडले तर नुसती जखम पाहू नका. पुढचे काही महिने अधूनमधून त्याला त्याचीच तीन बोटे तोंडात घालायला सांगा. खेळ म्हणून ते हसत करील. ज्या दिवशी बोटे मावणार नाहीत, त्या दिवशी नखरे समजून रागावू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या.