तळावलीचे सांतान

जुन्या गोव्याच्या टेकडीवर जांभ्या दगडाचा एक अर्धा मनोरा उभा आहे. ऑगस्टिनियन साधूंचे हे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. १८३५ मध्ये धर्मसंघांना गोव्यातून हटवल्यावर मठ ओस पडला. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोराही. ती भिंत कशी दिसत असेल, याचा अंदाज हवा असेल तर तिसवाडीतल्याच तळावलीला जावे. तिथले सांत आनाचे, लोकांच्या तोंडी ‘सांतान’, हे चर्च तिच्याच धर्तीवर बांधले, असे वास्तुकलेचे अभ्यासक मानतात.

फ्रान्सिस्को दु रेगु या गोमंतकीय पाद्रीने १६८१ च्या सुमारास काम सुरू केले. ते १६९५ मध्ये पुरे झाले. पाच मजली दर्शनी भिंत, दोन्ही अंगांना मनोरे. आत मात्र एकही खांब नाही. लांब दालनावर सलग अर्धगोल कमान आहे आणि तिचा भार जाड भिंती पेलतात. या भिंती पोकळ ठेवून त्यांतच येण्याजाण्याच्या वाटा आणि पापनिवेदनाच्या जागा केल्या आहेत. कोनाड्यांच्या माथ्यावर शिंपले कोरले आहेत. अशा इमारतीला नुसती ‘पोर्तुगीज’ म्हणणे मला अपुरे वाटते.

जांभा मऊ आणि सच्छिद्र. गोव्याच्या पावसात तो उघडा राहिला की झिजतो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि दर काही वर्षांनी सफेदी लागते. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुसचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला; त्याबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. सफेदीला माणसे लागतात. मठाची माणसे गेली. तळावलीचे चर्च गावाचे, तेव्हा गाव राहिले तोवर चुनाही राहिला.

गावाचे नाते जुलैअखेरच्या फेस्ताला दिसते. सांत आना ही मारियाची आई; उतारवयात तिला मूल झाले, अशी परंपरा. म्हणून अपत्य मागणारी जोडपी तिला तवसे वाहतात. तवशाला पोर्तुगीजमध्ये ‘पेपीनु’, मुलाला ‘मेनीनु’. नवसाचे फळ यमकाने ठरवलेले दिसते! नवरी हवी असलेला चमचा वाहतो, कारण ‘कुल्येर’ म्हणजे चमचा आणि ‘मुल्येर’ म्हणजे बायको. नवरा हवा असलेली उडीद आणते. ‘मारीदु’शी जुळायला इथे मात्र शब्द गावातलाच घेतला आहे.