छोटा हत्ती आणि लाखाची गाडी

९ ऑक्टोबर २०२४ रोजी रतन टाटा यांचे निधन झाल्यावर त्यांच्या कारकिर्दीचे जे गोडवे गायले गेले, त्यांत इंडिका आणि नॅनो या दोन मोटारी एकाच माळेत ओवल्या गेल्या. त्या दोहोंच्या मधल्या काळात आलेल्या आणि महाराष्ट्र ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखतो त्या ‘एस’ या छोट्या ट्रकच्या वाट्याला मात्र फार तर एखादे वाक्य आले. ही वाटणी अन्यायाची आहे. प्रकल्पाची गरज नीट तपासून घेण्याची विद्या पिंपरी-चिंचवडने १९९८ ते २००९ या काळात कमावली आणि त्याच काळाच्या अखेरीस गमावली, आणि ती कमाई त्या ट्रकच्या नावावर जमा आहे.

व्यवसाय-विश्लेषणाच्या शास्त्रात दोन तपासण्या वेगळ्या मानल्या जातात. वस्तू लेखी गरजांबरहुकूम झाली की नाही हे पाहणे म्हणजे पडताळणी, तर मुळात लिहून घेतलेली गरज ही वापरणाऱ्याचीच आहे ना, हे पाहणे म्हणजे खातरजमा. पहिले काम कारखान्याच्या आवारात होते. दुसऱ्यासाठी फाटकाबाहेर जावे लागते.

१९९८ च्या आधीच्या काळात फाटकाबाहेर जाण्याचे कारणच नव्हते. आकुर्डीची स्कूटर मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसणारा ग्राहक हाच गरजेचा पुरावा मानला जाई, आणि परवाना-राज्यात तो पुरेसाही होता. त्या काळाविषयी जेवढे हळवे लेखन झाले आहे, तेवढे त्यात शिकण्यासारखे काही नाही.

३० डिसेंबर १९९८ रोजी बाजारात आलेल्या इंडिकाची गरज एका वाक्यात मांडलेली होती: अॅम्बेसेडरची ऐसपैस जागा, झेनचा आकार, मारुती ८०० च्या आसपासची किंमत आणि डिझेलचा परवडणारा खर्च. यातली प्रत्येक गोष्ट मोजता येण्यासारखी असल्याने पडताळणी चोख झाली आणि सुमारे १ लाख १५ हजार जणांनी पैसे भरून नोंदणीही केली. परंतु ग्राहक जे कधीच बोलून दाखवत नाही, कारण ते असणारच असे तो धरून चालतो, म्हणजे शांत इंजिन, कमी थरथर, लवकर न झिजणारे टायर, ते त्या वाक्यात नव्हते. तक्रारी आल्या त्या नेमक्या तिथून. सुधारलेली व्ही-२ आवृत्ती २००१ मध्ये आली. दरम्यान अवजड वाहनांच्या मंदीचाही फटका बसून टाटांच्या टेल्को कंपनीने २०००-०१ या वर्षात ५०० कोटी रुपयांचा तोटा सोसला होता.

तोट्याने जमिनीवर आलेल्या या कंपनीत वरिष्ठ अधिकारी रवी कांत यांच्या पुढाकाराने अभियंते गिरीश वाघ यांचा गट छोट्या ट्रकच्या कामाला लागला, तो आराखड्यापासून नव्हे, तर तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांपासून. त्या भेटींतून भार, वळण आणि मायलेज यांच्यापलीकडची एक गोष्ट हाती आली: चार चाकांची गाडी असली तर गावात पत वाढते, लग्नाच्या बाजारात मुलाला वजन येते, असे चालकच सांगू लागले. प्रतिष्ठा ही गरज कोणत्याही तक्त्यात आपणहून येत नाही. ती विचारून, ऐकून, पुन्हा विचारून लिहावी लागते. इंजिनाचा खर्च इंडिकाच्याच चार सिलिंडरच्या इंजिनाला निम्मे करून, म्हणजे सुमारे ७०० सीसीचे दोन सिलिंडर ठेवून आटोक्यात आणला गेला, आणि मे २००५ मध्ये साधारण सव्वादोन लाखांत पाऊण टनाचा, पण चार चाकांचा ट्रक उभा राहिला. बाजारपेठेच्या बोळात भाजीची पोती घेऊन शिरणाऱ्या या वाहनाचे बारसे लोकांनीच केले, याहून मोठी खातरजमा संभवत नाही.

मग नॅनो आली, आणि नवल असे की तिचे नेतृत्व पुढे याच वाघांकडे आले. एक लाखाचा आकडा मात्र ग्राहकाकडून आलेला नव्हता. २००३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात टाटांच्या बोलण्यातून तो वृत्तपत्राच्या मथळ्यात गेला आणि मथळ्यातून उद्दिष्ट झाला. एकच वायपर, चाकाला तीनच नट, न उघडणारे मागचे दार, अशा काटकसरीने अभियंत्यांनी तो पाळून दाखवला. पडताळणीच्या दृष्टीने मार्च २००९ ची ही गाडी चमत्कारच होती. दोन लाखांवर नोंदणी झाली आणि तिलाच पुन्हा खातरजमा समजले गेले. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी बांधला, पण २०११-१२ या सर्वोत्तम वर्षातही विक्री ७५ हजारांच्या आतच राहिली. अपयशाचे सारे खापर सिंगूरच्या सोडाव्या लागलेल्या कारखान्यावर फोडणाऱ्यांना आजही तोटा नाही. उशीर झाला हे खरे, पण स्कूटरवरच्या कुटुंबाला ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून ओळखली जाणारी गाडी दारात नको होती, हे सिंगूरने घडवले नाही. टेम्पोचालकाने सांगितलेली गोष्ट त्याच कंपनीच्या दप्तरात असताना ती विसरली गेली, हे अधिक बोचणारे आहे. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का चुकला, हे पुढे टाटांनीही मान्य केले.

त्याच मार्च २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि गरजा लिहिण्याची जागाच या पट्ट्यातून बऱ्याच अंशी परदेशी सरकली. आज भोसरीतल्या लघुउद्योजकाच्या टेबलावर ‘पीपॅप’ची, म्हणजे भाग-मंजुरी प्रक्रियेची, जाडजूड फाइल असते: ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला गोलातला क्रमांक, त्या क्रमांकासमोर नमुन्याचे मोजलेले माप, शेवटी मंजुरीपत्रावरची सही. या फाइलचे एकूण १८ घटक असतात आणि त्यांत ‘ग्राहकाच्या विशेष गरजा’ असाही एक असतो. तिथला ग्राहक मात्र मोटार कंपनी असते. ड्रॉइंगच चुकीचे आहे असे एखाद्या अनुभवी टूलरूमवाल्याच्या ध्यानात आले, तरी ते नोंदवण्यासाठी या १८ घटकांत त्याच्यासाठी ओळ नाही, आणि वरून आलेला मेल एवढेच विचारतो की सही कधी होणार.