कूलर, एसीची सफाई केव्हा करावी?

होळी झाली की आपल्या भागात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. ताट्या बदलतात, मोटारीला तेलपाणी होते आणि पहिल्या दुपारी गार वाऱ्याचा झोत अंगावर आला की सारे घर सुखावते. मात्र त्यानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत माझ्या दवाखान्यात शिंका, खवखवणारा घसा, कोरडा खोकला आणि लहान मुलांची धाप या तक्रारी वाढलेल्या दिसतात. ‘डॉक्टर, थंडी तर कधीच सरली, मग ही सर्दी कुठली?’ असे पालक विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, ‘कूलर कधी सुरू केला? आणि सुरू करण्यापूर्वी आतून पाहिला होता का?’

कूलरचे काम साधे आहे. बाहेरची कोरडी, गरम हवा ओल्या ताट्यांमधून आत ओढली जाते. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते आणि हवा गार होते. पण गारव्याबरोबर ओलावाही घरात येतो. गेल्या वर्षीच्या ताट्या तशाच ठेवल्या असतील तर त्यांत धूळ, बुरशी, झुरळांचे अवशेष आणि पालींची विष्ठा साचलेली असते. पंखा सुरू होताच त्याचा भपकारा थेट खोलीत येतो.

एसीचा प्रकार वेगळा. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. तिच्यातली धूळ जाळीवर अडकते आणि आतल्या थंड नळ्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होते. हे पाणी वाहून नेणारी नळी तुंबली, तर आत ओल राहते आणि धूळ व ओल एकत्र आली की बुरशीला आयतेच घर मिळते. ओली राहिलेली वस्तू एक-दोन दिवसांतही बुरशी धरू शकते.

तारीख पाहावी की लक्षण?

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या ज्येष्ठ वाचकांनी तेथील घरांच्या भिंतींत व छतात बसवलेल्या जाळ्या पाहिल्या असतील. त्यांच्यामागे घरभर हवा पोहोचवणाऱ्या पत्र्याच्या नळ्या असतात. तेथेही हाच प्रश्न पडतो की या नळ्या किती दिवसांनी साफ कराव्यात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ साली यावर एक पुस्तिका काढली. दर वर्षी ठरावीक सफाई करावी असे संस्था सांगत नाही. आत डोळ्यांना दिसेल अशी बुरशी असेल, उंदीर-किड्यांनी ठाण मांडले असेल किंवा धुळीने नळ्या भरून ती घरात येत असेल, तरच सफाई करावी, असे तिचे म्हणणे आहे. अशा सफाईने आजार टळतात हे सिद्ध झालेले नाही, हेही तिने स्पष्ट केले आहे.

यातून आपण एक नियम घेऊ शकतो. जो भाग कोरडा आहे, तेथे लक्षण पाहून सफाई करावी. जेथे पाणी साठते, तेथे मात्र दिवस मोजूनच सफाई करावी लागते, कारण डास दिवस मोजतो. डेंगी पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्याच्या काठाशी अंडी घालतो. उन्हाळ्याच्या उबेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणून दर सात दिवसांनी कूलर पूर्ण रिकामा करून कोरडा करावा. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. टाकीच्या आतल्या बाजू काथ्याने घासून पुसल्याच पाहिजेत. हंगाम संपल्यावर कूलर माळ्यावर ठेवतानाही असेच करावे.

हंगाम सुरू होताना जुन्या ताट्या काढून नव्या बसवाव्यात. पुठ्ठ्याच्या मधाच्या पोळ्यासारख्या ताट्या असल्या तर त्या धुऊन, उन्हात वाळवून पाहाव्यात. काळे डाग वा कुबट वास राहिला तर बदलाव्यात. एसीची जाळी वापराच्या काळात दोन ते चार आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवावी व पूर्ण वाळल्यावरच बसवावी. हे काम घरी होते. आतल्या नळ्यांवर चिखल दिसला, कुबट वास आला किंवा पाणी खोलीत ठिबकू लागले, तर कारागिराला बोलवावे. दारावर येऊन ‘खास केमिकलने सफाई’ सांगणाऱ्यास आधी ‘घाण कुठे आहे, ती दाखवा’ असे म्हणावे.

आजार काय सांगतो?

चौथीतल्या एका मुलाला लागोपाठ दोन वर्षे एप्रिल-मे महिन्यांत रात्री धाप लागे. मामाच्या गावी गेला की बरा, परत आला की दोन दिवसांत पुन्हा तेच. त्याच्या वडिलांना मी ताटी उघडून पाहायला सांगितले. आतल्या बाजूला काळी बुरशी होती. ताट्या बदलल्या, त्याचे अंथरुण झोताच्या समोरून हलवले, खोलीची खिडकी उघडी ठेवली आणि इनहेलर चालूच ठेवला. त्याच्या रात्री शांत जाऊ लागल्या. कूलर हेच एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही. पण घर सोडल्यावर बरे वाटणे आणि परतल्यावर त्रास होणे, ही खूण पालकांनी जरूर लक्षात ठेवावी.

आणखी एक आजार ओळखायला अवघड असतो. बुरशीयुक्त हवा श्वासात गेल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला आणि दम लागणे सुरू होते. हिवताप किंवा न्यूमोनिया समजून उपचार होतात. असे पुन:पुन्हा घडत असेल, तर घरातील कूलर-एसीची माहिती डॉक्टरांना द्यावी. वेळीच कारण दूर केले नाही तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते.

सफाई करताना

सर्वांत आधी पिन काढावी, केवळ बटण बंद करून थांबू नये. कूलरमध्ये उतरलेल्या विजेने दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. अर्थिंग तपासून घ्यावे आणि चालू कूलरमध्ये पाणी भरू नये. नाका-तोंडाला रुमाल बांधावा. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये, त्या वेळी खोलीतही थांबू नये. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचे आम्ल एकत्र करू नये, विषारी वायू तयार होतो. पाण्यात अत्तर, फिनाईल टाकू नये. त्याच्या वासानेही दमा उसळतो. सफाईनंतर खिडक्या उघडून अर्धा तास नुसता पंखा चालवावा.

सफाई म्हणजे दम्याचे औषध नव्हे. कूलर चकचकीत केला आणि त्याच खोलीत विडी ओढली किंवा डासांची कॉइल लावली, तर उपयोग शून्य. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर स्वतःच्या मनाने बंद करू नये. आठवड्यातला एक वार ठरवावा, शक्यतो रविवार, आणि त्या दिवशी कूलर कोरडा करावा. घरातील मोठ्या मुलांनाही हाताशी घ्यावे. पिन मात्र मोठ्या माणसानेच काढावी.