ओल धरलेली नळी

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की शेतात नुसत्या पऱ्हाट्या उरतात. त्या उपटून घरामागे गंजी रचायची आणि पुढं चुलीत घालायच्या, हा कापूसपट्ट्यातला जुना रिवाज. गॅस आला तरी अनेक घरांत आंघोळीचं पाणी पऱ्हाटीवरच तापतं. ही काडी भरकन पेटते, भरकन विझते. चुलीपुढची बाई सारखी वाकून फुंकत राहते. दमा असलेल्या बाईला हे फुंकणंच नडतं. आधी कोरडा खोकला, मग छातीत शिट्टी, मग बोलताना तुटणारं वाक्य.

‘नळ्या आवळल्या,’ असं सगळेच म्हणतात. खरं आहे, पण अर्धंच.

फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळतं. हृदयाच्या उजव्या बाजूचं सगळं रक्त प्राणवायू घ्यायला तिथं जातं. दुसरी वाट अगदी बारीक: महाधमनीतून फुटलेल्या श्वासनलिकांच्या धमन्या. हृदय फेकतं त्यातलं जेमतेम एक टक्का रक्त यांच्या वाट्याला येतं. नळीची भिंत पोसायची, आत येणारी थंड कोरडी हवा ऊबदार आणि ओलसर करायची, हे त्यांचं काम.

दम्यात ही वाट फुगते. भिंतीतल्या सुजेमुळे जुन्या केशवाहिन्या रुंदावतात, नव्या फुटतात आणि त्यांतून पाणी झिरपतं. पावसात ओल धरलेला कुड जसा फुगतो, तशी भिंत आतल्या बाजूला जाड होते. झिरपलेली प्रथिनं कफात मिसळून त्याचे चिकट बूच बनतात. हुबर आणि कोसलर यांनी 1922 मध्येच दम्यानं दगावलेल्यांच्या श्वासनलिका मोजून भिंती जाड झाल्याचं नोंदवलं होतं. हिशेबही क्रूर आहे: हवा संथ वाहते आहे असं धरलं, तरी नळीचा व्यास निम्मा झाला की अडथळा 16 पट वाढतो.

जिवंत माणसात हे रक्त मोजायचं कसं? मायामीत ॲडम वॉनर यांच्या गटानं रक्तात सहज विरघळणारा एक वायू श्वासातून दिला आणि त्यातला किती नाहीसा झाला, ते पाहिलं. दमेकऱ्यांच्या नळ्यांत रक्त जास्त वाहत होतं. स्टेरॉइडचा फवारा घेतल्यावर अर्ध्या तासात ते कमी झालं, दीड तासात पुन्हा पूर्ववत. रोज घेत राहिलं, तर मात्र सूज आणि जादा रक्तवाहिन्या दोन्ही आटोक्यात येतात.

खेड्यात घोटाळा होतो तो इथं. लगेच आराम देणारा निळा पंप सगळ्यांना आवडतो. तो नळीभोवतीचे स्नायू सैल करतो, पण भिंतीची ओल काढत नाही. ओल काढणारा स्टेरॉइडचा पंप लगेच काही जाणवू देत नाही, म्हणून ‘सवय लागते’ म्हणत तो कपाटात पडून राहतो. सवय लागत नाही. देशात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत, म्हणजे जगातले जेमतेम 13 टक्के. पण 2019 च्या जागतिक अंदाजांनुसार दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून जास्त भारतात झाले.

पंप नीट हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबताना सावकाश आत ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची. आणि डबी चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवायची नाही. आत दाबाखाली वायू असतो, तापला तर फुटतो.