‘तुला कमी काय आहे?’

खांदा कॉलनीत, कामोठ्यात किंवा नवीन पनवेलच्या एखाद्या सोसायटीत कर्ता माणूस तीन-चार आठवडे गप्प गप्प राहू लागला, ताटावरून अर्धवट उठू लागला, की घरातून पहिला प्रश्न येतो : ‘तुला कमी काय आहे?’ प्रश्न मायेपोटीच असतो. पण त्याच्या मुळाशी एक समजूत असते. दुःखाला कारण लागतं, आणि कारण दिसत नसेल तर ते दुःख म्हणजे नसती थेरं. नैराश्य या आजाराच्या बाबतीत ही समजूत माणसाला एकटं पाडते, म्हणून आधी तीच तपासू.

दुःख कशाचं तरी असतं. वडील गेले, नोकरी सुटली, विमानतळासाठी गाव उठलं आणि आजोबांनी बांधलेलं घर पडताना पाहावं लागलं. अशा वेळी रडू येणं, झोप न लागणं हे मनाचं रीतसर काम आहे. दुःख भरून येतं, ओसरतं, पुन्हा येतं. मधे नातवंडाच्या बोलण्यावर हसू फुटतं, आवडीचं कालवण असलं की दोन घास जास्त जातात. मुख्य म्हणजे दुःखी माणूस ‘माझं वाईट झालं’ म्हणतो, ‘मीच वाईट आहे’ असं सहसा म्हणत नाही.

नैराश्यात नेमकं हेच उलटतं. डॉक्टर निदान करतात ते लक्षणांच्या संचावरून. उदास मन किंवा कशातच रस न वाटणं, या दोहोंपैकी एक तरी लक्षण हवंच. त्याच्या जोडीला झोप किंवा भूक बिघडणं, थकवा, एकाग्रता ढळणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ होणं, अपराधी वाटणं, मरणाचे विचार यांतलं काही असतं. अशी किमान पाच लक्षणं जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, निदान दोन आठवडे टिकली आणि त्यांनी रोजचं जगणं अडवलं, तर तो आजार. पहाटे साडेतीनला जाग येते, डोळा पुन्हा लागत नाही. उठून दात घासणं हे मोठं काम होऊन बसतं. भावाचा ‘कसा आहेस’ एवढाच मेसेज दिवसभर उघडा राहतो, उत्तर लिहिवत नाही. पुष्कळांना रडूसुद्धा येत नाही. आतून सगळं बधिर होतं, आणि मुलगी पहिली आली तरी आनंद होत नाही याचीच लाज वाटत राहते.

कारण असतं तेव्हा दुसरी चूक होते. ‘एवढं झाल्यावर कुणालाही असं होणारच’ म्हणून उपचार टाळले जातात. पाय घसरून पडलो हे ठाऊक असलं, तरी मोडलेलं हाड बसवावं लागतंच. घराण्यातला कल, लहानपणीचे आघात, कर्ज, बाळंतपण, दारू, दीर्घ आजार असं बरंच काही एकत्र येऊन नैराश्य येतं. ‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं’ हे सुटसुटीत उत्तरही अपुरं आहे. संशोधनाने ते इतक्या सरळ रूपात सिद्ध केलेलं नाही. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी असलं तरी चित्र असंच दिसू शकतं, म्हणून चांगला डॉक्टर रक्ताच्या तपासण्या करून घेतो.

आपल्याकडे हा आजार अनेकदा शरीराचा वेष घेऊन दवाखान्यात येतो. पाठ दुखते, छातीत भरून येतं, ॲसिडिटी जात नाही, ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा.’ पनवेल तालुक्यातल्या गावांमध्ये बाहेरची बाधा समजून आधी भगताकडे नेलं जातं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं. हा आकडा वाचताना मला राग येतो, कारण यातल्या बहुतेकांना बरं करण्याचे उपाय हाताशी आहेत.

‘घराबाहेर पड, चार लोकांत मिसळ, आपोआप बरं वाटेल’ या सल्ल्यात खरं-खोटं मिसळलेलं आहे. नुसता सल्ला टोचतो, कारण उठण्याची इच्छाच आजाराने खाल्लेली असते. तोच धागा पद्धतशीर पकडला तर मात्र उपचार होतो, हे शेजारच्या गोव्यात दिसलं. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र स्वरूपाच्या नैराश्याच्या रुग्णांसाठी स्थानिक माणसांनाच समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. ती ना डॉक्टर होती, ना मानसतज्ज्ञ. आठवड्याला एक, अशा सहा ते आठ भेटींत ती रुग्णाबरोबर बसून अगदी छोटं काम ठरवत, ते जमलं का आणि केल्यावर कसं वाटलं हे विचारत, नाही जमलं तर आणखी छोटं करत. बरं वाटेल तेव्हा काम करू, असं न म्हणता कामातून बरं वाटण्याकडे जायचं, ही त्यामागची पद्धत. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास आल्यानंतर ‘बोलून काय होतं?’ या प्रश्नाला ठोस उत्तर आपल्याच भागातून मिळालं आहे.

गोळ्यांची भीती सर्वांत चिवट. ‘एकदा सुरू केल्या की जन्मभर’, ‘सवय लागते’, ‘माणूस नुसता झोपून राहतो.’ झोपेच्या गोळ्यांची सवय लागू शकते, पण नैराश्याची औषधं वेगळी. त्यांची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. मळमळ, डोकेदुखी, लैंगिक इच्छा कमी होणं असे त्रास मात्र होऊ शकतात, आणि ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावेत. गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून पाकीट बाजूला ठेवणारे इथेच फसतात. एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड होऊ शकते, त्यालाच लोक व्यसन समजतात. पूर्वी कधी अति उत्साहाचे, झोपेशिवाय धावपळीचे दिवस येऊन गेले असतील, तर तेही सांगायला हवं, कारण तो द्विध्रुवीय आजार असू शकतो आणि त्याची औषधं निराळी असतात.

आता सर्वांत नाजूक समज. ‘मरणाचं विचारलं तर डोक्यात नसलेलं भरवू.’ अभ्यास याच्या उलट सांगतात. ‘जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करावंसं वाटतं का?’ असं शांतपणे, थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही. बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण इतके दिवस ते ओझं ते एकटेच वाहत असतात. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२ किंवा १०८ लावा. कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर पोलीस केसच्या धास्तीने घरची माणसं लपवाछपवी करतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू झाल्यापासून असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी आहे. याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने स्थान दिलं.

बरं वाटू लागल्यावरही घाई नको. पहिल्या खेपेनंतर औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवून मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतात, कारण नैराश्य अनेकांना पुन्हा गाठतं. प्रत्येकाची पहिली खूण वेगळी असते : कुणाची झोप बिघडते, कुणी फोन घेणं थांबवतं, कुणी दाढी करणं सोडतं. ती खूण रुग्णाबरोबर बसूनच ठरवावी आणि दिसली की पुढची अपॉइंटमेंट त्याच आठवड्यात घ्यावी.